निवड झालीच कशी?

नाही, झाली ते चांगलंच झालं, मी कुठं वाईट म्हणतोय, अभिनंदन करायचं तर करा, नका करू असं मी म्हणणार नाही… पण आधी मला एक सांगा, झालीच कशी? अर्ज किती? अकराशे चाळीस! जागा किती? चोवीस! म्हणजे अकराशे सोळा पोरं हात हलवत घरी गेली, आणि उरलेल्या चोवीसांत कोण? तर आमची कन्या! आणि कशात? तर जनसंवादात! जनसंवाद हो! लोकांशी बोलायचं कसं, आपलं म्हणणं पोचवायचं कसं, वर्तमानपत्र, रेडिओ, कॅमेरा, ते सगळं शिकवतात म्हणे तिथं. आणि तुम्हाला सांगतो, आमची कन्या… आता कसं सांगू… आमच्या घरात फ्रिज तिच्यापेक्षा जास्त बोलतो!

हसू नका, खरं सांगतोय. फ्रिज निदान दर वीस मिनिटांनी घुर्र तरी करतो. हिचं काय? 'हं.' संपलं! 'जेवलीस का गं?' 'हं.' 'परीक्षा कशी गेली?' 'हं.' 'अगं, घराला आग लागलीय!'… म्हणजे लागलेली नाही अजून, पण लागली तर ही काय म्हणेल ते मी आत्ता कागदावर लिहून देतो. जन लांब राहिले, घरात दोन जणं आहोत आम्ही, आधी आमच्याशी संवाद कर म्हणावं! आणि अशा मुलीला अकराशे चाळीसातून वेचून काढली? कुणी? काय बघून? आरोप नाही हं माझा कुणावर. नुसता संशय!

आता तुम्ही म्हणाल, हा बाप आहे की फौजदार? म्हणा. पण माझं कामच तसं आहे हो. मी पाणीखात्यात आहे, गळती शोधायला. सत्तावीस वर्षं! जमिनीखालचा पाइप नेमका कुठं फुटलाय ते वर उभं राहून सांगायचं. हत्यार काय, तर पाच फुटी लोखंडी सळई, टोकाला पितळी वाटी. सळई रस्त्याला टेकवायची, वाटीला कान लावायचा, आणि ऐकायचं. वर डांबर, खाली चार फूट माती, त्याच्या खाली पाइप, त्या पाइपला सुतासारखी चीर… मला ऐकू येते! आमचे साहेब मशीन घेऊन येतात, मशीनला दिवे, काटे, हेडफोन, आणि शेवटी विचारतात कुणाला? 'काय हो, तुम्हाला काय वाटतं?'

आणि सत्तावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलोय. पाणी दिसतं एकीकडे आणि गळत असतं भलतीकडे! लोक फोन करतात, 'आमच्या दारात डबकं झालंय, दार खणा.' मी म्हणतो, थांबा. डबकं तुमच्या दारात आहे ना? मग भोक नक्की मागच्या गल्लीत! जे समोर दिसतं त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. मग मला सांगा, असा माणूस संध्याकाळी दमून घरी येतो, चप्पल काढतो न काढतो तोच बायको हातात पत्र देते, 'निवड झाली!'… त्यानं काय करावं? पत्रावर विश्वास ठेवावा?

पत्र पण कसलं, तुम्ही बघायला हवं होतं. 'आपली निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे.' आनंद! कुणाला? सत्तावीस वर्षं कचेरीची पत्रं वाचतोय मी, त्यात 'कळविण्यात येते' असतं, फार तर 'खेदाने कळविण्यात येते' असतं. शिक्का मारणाऱ्या माणसाला आनंद झालेला मी तरी आजवर बघितला नाही! मी पत्र दिव्यासमोर धरलं, कागदातून आरपार बघितलं, शिक्क्यावर ओलं बोट फिरवून बघितलं. आमची ही शिलाई मशीनवर बसल्या बसल्या म्हणते, 'अहो, पत्र आहे ते, गुन्हेगार नाही.'

'अगं पण हिची निवड का व्हावी?'

'मुलगी आहे तुमची! कौतुक करायचं सोडून…'

कौतुक नाही का मला? कौतुक आहे हो! पण समजा, चूक असली तर? समजा, टाइप करणाऱ्यानं एक आकडा इकडचा तिकडे केला, आणि हिच्या नावाची दुसरीच कुणी पोरगी असली, चुरुचुरु बोलणारी? आज नाही, सहा महिन्यांनी कळेल त्यांना. मग बोलावतील, 'माफ करा, आमची जरा गफलत झाली.' दुसरी पोरगी असती तर भांडली असती, टेबल वाजवलं असतं. आमची काय करेल? 'हं' म्हणेल, बॅग भरेल आणि घरी येईल. आणि मग जन्मभर कुणाला सांगणार नाही की तिला काय वाटलं. मला ते नको होतं. बापाला ते नको असतं हो. म्हणून म्हटलं, खड्डा पडायच्या आधी जागा शोधू. यात माझं काय चुकलं?

त्यात मुदत! प्रवेश पक्का करायचा तर पालकाच्या सहीचा फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजच्या खिडकीवर. पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिट झालं की जागा गेली, प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला. आणि प्रतीक्षायादीत पहिला कोण, विचारा… विचारा की! करंडक!

करंडक म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या हेडमास्तरांचा नातू. हेडमास्तर निवृत्त झालेत, पण नातू चालू आहे. वक्तृत्व स्पर्धेचे चौदा करंडक आहेत त्यांच्या कपाटात, म्हणून आमच्या जिन्यात सगळे त्याला करंडकच म्हणतात. तुम्ही त्याला नुसतं 'किती वाजले रे?' विचारा. 'आदरणीय काका, काळ हा कुणासाठी थांबत नसतो…' तिथून सुरुवात! घड्याळाकडं येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. आता असा मुलगा बाहेर आणि आमची आत? तुम्हीच सांगा, डोळे मिटून तरी पटतं का? आणि बुधवारी स्वतः हेडमास्तर आले आमच्याकडं. तोंडावर हे एवढं हसू. 'वा वा वा, अभिनंदन हं, फार आनंद झाला…' पुन्हा आनंद! 'मग… फॉर्म वगैरे… दिला का भरून? नाही, सहज विचारलं.' सहज! माणूस सहज विचारायला तीन मजले चढून येतो, गुडघे दुखत असताना? जाता जाता परत दारातून वळले, 'शुक्रवार शेवटचा ना? नाही, सहज.' आरोप नाही माझा. म्हातारा माणूस आहे. पण संशय… संशयाला वय नसतं!

आता फॉर्मचं ऐका. मंगळवारी जेवताना कन्येनं तो माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. मी त्या वेळी आमच्या नव्या साहेबांनी तीन फूट चुकीच्या जागी खड्डा कसा खणला, आणि त्यात गळतीऐवजी टेलिफोनची वायर कशी तोडली ते सांगत होतो, ऐन रंगात आलो होतो, फॉर्म घडी करून खिशात टाकला आणि गोष्ट पुढं चालू केली. दुसऱ्या दिवशी कामावर, चहाच्या वेळी, उघडून वाचला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, जन्मतारीख बरोबर. आणि सही? सहीला जागाच नाही! ना रेघ, ना टिंबं, ना 'येथे सही करावी'! सत्तावीस वर्षांत मी बिनसहीचा फॉर्म बघितला नाही हो! आमच्याकडं झाडू मागायचा तरी तीन सह्या लागतात! एवढं मोठं कॉलेज, आणि पालकाची सही हवी म्हणतात, आणि जागा ठेवत नाहीत? कुणासाठी आहे हा सापळा?

म्हटलं, सही करायची नाही. आधी मूळ शोधायचं.

आणि घरात काय वातावरण? शांत! बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार डोक्यावर आला, दोघी शांत! कुणी विचारत नाही, 'सही केली का?' कुणी रडत नाही, कुणी चिडत नाही. ही टाके घालतेय, ती पुस्तक वाचतेय. मी मुद्दाम खिशावर हात आपटून बघितला, मोठ्यानं सुस्कारा टाकून बघितला… काही नाही! अहो, ज्या घरात मी रुमाल विसरलो तर दोन दिवस चर्चा होते, त्या घरात पोरीची जागा जायची वेळ आली आणि कुणाची पापणी हलत नाही? मला संशय नाही येणार तर कुणाला येणार?

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि सळई घेऊन थेट कॉलेज गाठलं. सळई कशाला? अहो, माझ्या डोक्यात एक विचार आला होता. कॉलेजला पाण्याची तक्रार असेल! कुठंतरी गळत असेल, आमच्या खात्याकडं अर्ज पडून असेल, कुणीतरी सांगितलं असेल, 'अमुक माणूस आहे खात्यात, त्याच्या मुलीला घ्या, उद्या काम होईल.' असं होतं की नाही जगात? तुम्हाला काय वाटतं? मी फाटकाबाहेरचं चेंबर शोधलं, झाकण उचललं, व्हॉल्व्हला सळई टेकवली आणि रस्त्यावर गुडघे टेकून कान लावला. पहारेकरी धावत आला.

'ओ! काय करताय?'

'ऐकतोय.'

'काय?'

'तुमचं कॉलेज.'

तो बिचारा दोन पावलं मागं सरकला. मी पाच मिनिटं ऐकलं. काही नाही! ना सूं, ना सर्र. एकदम गप्प लाइन. आणि आमच्यातला पहिला नियम आहे, गप्प पाइप तो चांगला पाइप. म्हणजे कॉलेजला पाण्याची अडचण नाही. म्हणजे माझी ओळख काढायचं कारण नाही. म्हणजे संशय दूर झाला? छे! उलट वाढला! वशिला नाही, मग निवड कशी?

खिडकीवरच्या क्लार्कला विचारलं, 'निवड कोण करतं?' तो मान वर न करता म्हणतो, 'विभागप्रमुख बाई, सातवा मजला.' लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्टवाला म्हणजे पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, स्टुलावर बसलेला. आणि नजर? खाली! माझ्याकडं बघत नाही, दाराकडं बघत नाही, सळईकडंसुद्धा बघत नाही! अहो, लिफ्टमध्ये पाच फुटी सळई घेऊन माणूस शिरला तर कुणीही एकदा तरी बघेल की नाही? सातव्या मजल्यावर दार उघडलं, समोर मोठी खिडकी, आणि हा आणखीच खाली बघायला लागला, स्वतःच्या बुटांकडं. मी मनात नोंद केली. हा माणूस काहीतरी लपवतोय! आरोप नाही, पण लिहून ठेवा.

विभागप्रमुख बाई म्हणजे कशा, पांढरे केस कापलेले, चष्मा कपाळावर, टेबलावर कागदांचे एवढाले गठ्ठे. म्हणाल्या, 'बसा.' मी बसलो. सळई भिंतीला टेकवली. म्हटलं, 'बाई, तुमची चूक झालीय.'

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, 'काय? कसली चूक?' बाई काय म्हणाल्या?

'हं.'

मी दचकलो! हा 'हं' माझ्या ओळखीचा! तोच सूर, तीच लांबी! पण आता तोंड उघडलं होतं. म्हटलं, 'बाई, मी बाप आहे तिचा, मला माहीत आहे, ती बोलत नाही.' 'हं.' 'म्हणजे अजिबात नाही. पाहुणे आले तर आतल्या खोलीत जाते.' 'हं.' 'शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकात घेतली होती, काय काम दिलं असेल? झाड! आणि ते छान केलं हो तिनं…' तुम्हाला सांगतो, मी स्वतःच्या पोरीविरुद्ध साक्ष देत होतो, एकेक पुरावा टेबलावर मांडत होतो, आणि बाई नुसत्या ऐकतायत. मग झाडावरून मला आठवलं की मुळं पाइपात कशी शिरतात, ते सांगितलं. मुळांवरून साहेब आठवले, टेलिफोनची वायर सांगितली. साहेबांवरून माझी बढती कशी अडली ते सांगितलं, बढतीवरून माझे वडील आठवले… वडिलांचं मी कुणाला सांगत नाही हो. शेवटचे आठ दिवस मी ड्यूटीवर होतो, मोठी लाइन फुटली होती, सोडून जाता आलं नाही… ते सांगितलं! आणि मग एकदम थांबलो. म्हटलं, अरे, मी इथं चौकशी करायला आलोय की जबानी द्यायला?

म्हटलं, 'बाई, ते राहू द्या. परीक्षा कसली घेतलीत ते सांगा.'

मग त्या बोलल्या. थोडंच. म्हणाल्या, 'लेखी परीक्षेतून साठ मुलं निवडली. प्रत्येकाला एक तास दिला. बाहेर जा, अनोळखी माणसाशी बोला, परत येऊन काय ते लिहा.'

'मग?'

'बहुतेकांनी दोन पानं लिहिली. त्यात समोरचा माणूस चार ओळींत संपलेला आणि बाकी सगळं स्वतःचं. एकानं तर चपलांच्या दुकानदाराला तासभर वाचनाचं महत्त्व पटवून दिलं. दुकानदाराचं नावसुद्धा विचारलं नाही.' बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही, घेतलंही नसतं, पण मला कळलं! करंडक! दुसरा कोण?

'आणि आमची?'

'ती इमारतीच्या बाहेरच गेली नाही. तासभर लिफ्टमध्ये बसली. वर, खाली, वर, खाली. परत आली आणि अकरा पानं लिहिली.'

अकरा पानं! ज्या मुलीकडून मला महिन्याला अकरा वाक्यं मिळत नाहीत, तिनं अकरा पानं! बाईंनी गठ्ठ्यातून काढून दाखवली, अक्षर तिचंच. संशयाला जागा नाही. अक्षर मी ओळखतो. बाई म्हणाल्या, 'आमचा लिफ्टवाला बावीस वर्षं इथं आहे. रोज मी त्याच्याबरोबर चढते, उतरते. तो उंचीला घाबरतो, हे मला तुमच्या मुलीच्या कागदावरून कळलं.'

काय सांगता! उंचीला घाबरणारा माणूस लिफ्टमध्ये! नोकरी मिळाली ती हीच, घरी दोन लहान पोरं, नाही कसं म्हणणार? म्हणाला, लिफ्टला खिडकी नाही ना, मग चालेल. पण सातव्या मजल्यावर दार उघडलं की समोर ती मोठी खिडकी, म्हणून बावीस वर्षं हा बुटांकडं बघतोय! बायकोला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. आमच्या कन्येला सांगितलं! आणि शेवटी तिनं त्याला विचारलंसुद्धा, 'हे लिहू का?' तर तो म्हणाला, 'लिही, बाई, आता लपवून कंटाळा आला. फक्त वाचून दाखवायचं तर तळमजल्यावर दाखव!'

म्हटलं, 'तिनं विचारलं तरी काय त्याला?'

'एकच प्रश्न. तुम्ही सारखं खाली का बघता? पुढं नुसतं हं.'

आता बघा… तुम्ही बघा हं… तो खाली बघतोय हे मलाही दिसलं होतं की नाही? तुम्हाला मघाशी सांगितलं की नाही मी? लपवतोय म्हटलं, बरोबरच होतं माझं! नजर माझी चुकत नाही. पण मी संशय घेतला आणि गप्प बसलो. आणि तिनं विचारलं. एवढाच फरक. त्या एवढ्याशा फरकाला अकराशे चाळीसातून जागा मिळते, आणि मला सत्तावीस वर्षांत बढती का मिळाली नाही तेही कळलं.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. माझ्या वडिलांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं म्हटलं ना? खोटं. तिला सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत होती, मी सांगत होतो आणि ती 'हं' म्हणत होती. बढतीचं, साहेबांचं, मला छातीत दुखल्यासारखं वाटलं होतं त्याचं, जे बायकोला सांगितलं नाही, ते सगळं मी त्या पोरीला सांगितलंय. तिला माझं सगळं माहीत आहे. आणि मला तिचं काय माहीत आहे? ती कशाला घाबरते? काय माहीत! लिफ्टवाल्याचं तिला माहीत, माझं तिला माहीत… तिचं कोण विचारणार? वाईट वाटलं हो. खरंच वाईट वाटलं. असं कान असून बहिऱ्यासारखं.

आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. पाचला सात कमी!

फॉर्म! खिशात! बिनसहीचा! बाईंच्या टेबलावरचं पेन उचललं, सहीला जागा नव्हतीच, म्हटलं जागा गेली खड्ड्यात, फॉर्मच्या बरोबर मधोमध, आडवी, पूर्ण नाव, सही ठोकली आणि पळालो. लिफ्ट? लिफ्ट खाली! जिना! सात मजले, हातात पाच फुटी सळई, प्रत्येक वळणावर ठणाण, पोरं भिंतीला चिकटून उभी, कुणीतरी ओरडलं, 'सर, भूकंप आहे का?' मी ओरडलो, 'प्रवेश आहे!' गुडघे बोलायला लागले, श्वास संपला, डोळ्यांपुढं काजवे, आणि त्या काजव्यांत मला करंडक दिसतोय, माझ्या पोरीच्या बाकावर बसलेला, 'आदरणीय बाई…' नाही! नाही म्हणजे नाही!

पाचला दोन कमी. खिडकी उघडी. क्लार्क कुलूप हातात घेऊन उभा. मी फॉर्म आत ढकलला. 'हा घ्या! सही केलीय! वेळेत आहे! घड्याळ बघा!'

त्यानं फॉर्म घेतला. माझ्याकडं बघितलं. फॉर्मकडं बघितलं. 'हे काय?'

'फॉर्म!'

'ही पोच आहे. उलटा करा.'

'काय?'

'कागद. उलटा करा.'

केला. मागच्या बाजूला, खाली, छान रेघ आखलेली, 'पालकाची सही', आणि त्यावर… आमच्या हिची सही! शेजारी गोल शिक्का, 'स्वीकारले', मंगळवार, सकाळी अकरा वीस! मंगळवार! मी चार दिवस पोच खिशात घेऊन हिंडत होतो! ओलं बोट शिक्क्यावर फिरवणारा मी, कागद दिव्यासमोर धरणारा मी… तो उलटून बघितला नाही! क्लार्क म्हणतो, 'आणि पोचेवर ही एवढी मोठी सही कुणी केली? खराब केलीत की.'

घरी गेलो तो तापलेलाच. म्हटलं, कट! दोघींनी मिळून! माझ्या पाठीमागं! दारातूनच सुरू केलं, 'मला सांगायला काय झालं होतं? बाप आहे की कोण आहे मी या घरात? मंगळवारी सगळं उरकलंत आणि मला चार दिवस…'

कन्येनं पुस्तक मिटलं. बाजूला ठेवलं. म्हणाली, 'सांगितलं होतं बाबा. मंगळवारी, जेवताना. आईनं सही केली, फॉर्म देऊन आलो, ही पोच तुमच्या कपाटात ठेवा म्हटलं.'

'कधी? मला कसं ऐकू आलं नाही?'

'तुम्ही बोलत होतात.'

बस. एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. रागावली असती ना, तर बरं वाटलं असतं हो. मी हिच्याकडं बघितलं, ही दोरा ओवता ओवता म्हणाली, 'दोनदा सांगितलं तिनं. दुसऱ्यांदा तुम्ही वायर तुटली तिथं होतात.'

आता कुणावर संशय घेणार? चार फूट मातीखालची चीर मला ऐकू येते, आणि दीड फुटावर माझी पोरगी दोनदा बोलली ते नाही आलं. मी पाणी प्यायलो. सळई कोपऱ्यात ठेवली. मग तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, 'तुला कशाची भीती वाटते गं?' तिनं माझ्याकडं बघितलं. हा माणूस खरंच विचारतोय का, असं बघितलं. संशय! माझीच मुलगी शेवटी! आणि मग बोलायला लागली. काय बोलली ते नाही सांगणार तुम्हाला. तेवढं एक मी कुणाला सांगणार नाही. पण तासभर बोलली, आणि मी मध्ये एकदाही साहेबांचं काढलं नाही. दोनदा अगदी जिभेवर आले होते, गिळले.

गेली परवा वसतिगृहात, तिथंच राहायचं असा नियम आहे म्हणे त्यांचा. चोवीस जणांत बसली असेल आता. घरात जेवायला बसतो, बोलायला तोंड उघडतो, समोर रिकामी खुर्ची. ही म्हणते, 'जेवा मुकाट्यानं, मला ते सगळं पाठ आहे.' करमत नाही हो. म्हणून तर तुम्हाला धरून बसलोय एवढा वेळ… किती वेळ झाला? बापरे! आणि तुम्हीही काय, नुसते ऐकताय आपले, मान हलवताय…

एक मिनिट. मघापासून मी एकटाच बोलतोय. तुमच्यापैकी कुणी मला मध्ये काही सांगितलं होतं का?